वाचक विचारतात: ६०००ची रॅम ४८००वरच अडते, काय करू?

प्रश्न: नवा पीसी जोडला. रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक. रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलंय, टास्क मॅनेजरमध्ये ४८०० दिसतं. बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) एक्सपो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलं तर स्क्रीन काळीच राहिली. रॅम परत करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: इतक्यात नको. ४८०० हा डीडीआर५चा ठरलेला, सावध वेग. अशा स्टिक असल्या की बोर्ड सुरुवातीला बहुधा त्यावरच चालतो. ६०००साठी लागणारं टायमिंग आणि व्होल्टेज स्टिकमध्येच साठवलेलं असतं, ते एक्सपोने लागू होतं. (एक्सपो चालू झाल्यावर सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ३००० दिसलं तर घाबरू नका. डीडीआर रॅम एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, म्हणून दुप्पट धरायचं.)

काळ्या स्क्रीनचं कारण बहुतेक वेळा घाई असतं. रॅमची सेटिंग बदलली की बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे नव्या वेगाला रॅम नीट चालेल असं जुळवून बघतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी असते आणि बोर्डवरचा ‘डीरॅम’चा दिवा लागलेला असतो. एएम५ (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट) बोर्डांवर याला काही मिनिटं सहज लागतात. दुसऱ्याच मिनिटाला पॉवर बटण दाबून धरलं की सगळं पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका.

तरीही चालू झालं नाही तर बायोसची सेटिंग पुसून मूळपदावर आणा: एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) बटण बंद करा, वायर काढा आणि क्लिअर सीमॉसच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवा. पिना सापडत नसतील तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. स्टिक कुठे आहेत तेही बघा: प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२. मग बायोस अपडेट करा, कारण एएम५च्या सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅमची कुरकुर फार होती. फाइल नेमक्या तुमच्याच मॉडेलची घ्या, पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, आणि यूपीएस नसेल तर लाइट जायची वेळ टाळा. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात, एक्सपो पुन्हा चालू करावं लागतं.

इतकं करूनही हटून बसला तर एक्सपो तसंच ठेवून फक्त मेमरी फ्रिक्वेन्सी ५६०० करा. सीएल३०च्या (सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणारे ठोके) स्टिकचा प्रतिसाद ६०००वर १० नॅनोसेकंद असतो, ५६००वर १०.७. गेम खेळताना हा फरक जाणवणारही नाही. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) मात्र १.३ व्होल्टच्या वर नेऊ नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने ही मर्यादा बायोसमधूनच घातली. आणखी एक: एक्सपो हे कंपनीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आहे, त्यातून नुकसान झालं तर वॉरंटी मिळत नाही.

विंडोज उघडलं म्हणजे काम झालं असं नव्हे. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा, चार फेऱ्या. एक चूक दिसली तरी वेग उतरवा. कच्ची रॅम फाइली गुपचूप खराब करते, आणि ते कळतं महिन्यांनी. ४८००वरही चुका आल्या, तर मात्र रॅम परत करा.

प्रश्न: याच प्रोसेसरचा ‘बेस स्पीड ३.८’ दिसतो. तो ५.१वर पक्का करू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: नको. ५.१ गिगाहर्ट्झ हा बूस्टचा कमाल आकडा, तो हलक्या कामात एखाद-दुसरा कोअर गाठतो. सगळे कोअर तिथे खिळवायचे तर व्होल्टेज कायम चढं ठेवावं लागतं. हा प्रोसेसर ८८ वॅट आणि ९५ अंश या मर्यादांत स्वतःच वेग ठरवतो, आणि चांगला ठरवतो. हौसच असेल तर कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवणारी बायोसमधली सेटिंग, उणे १०पासून सुरू करा. व्होल्टेज जास्तच उतरलं तर गडबड बहुधा भारी कामात नाही, तर मशीन रिकामं असताना अचानक रीस्टार्ट होऊन दिसते. नागपूरच्या मे महिन्यात एकदा पुन्हा तपासा. जानेवारीत जे टिकतं ते तेव्हा टिकेलच असं नाही.

प्रश्न: पुढे आणखी दोन स्टिक घालू? (सांगलीचेच वाचक)

उत्तर: टाळा. चार स्टिक लावल्या की रायझन ७०००चा अधिकृत वेग ३६००वर येतो. ६४ जीबी हवी असेल तर ३२च्या दोन स्टिकचा संच घ्या आणि जुन्या विकून टाका.