आजींचं वेगळं ताट

"मॅडम, हे घरच्यायले लागते का?" खोकल्याच्या जुनाट रुग्णांच्या घरचे लागणीचा हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की शेवटी लिहायला बसले.

यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या आजी (ओळख बदलली आहे). बिडी कधी ओढली नाही, पण चाळीस वर्षं कापसाच्या पऱ्हाट्यांच्या चुलीपुढं. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार. टीबीची तपासणी दोनदा निगेटिव्ह. तरी 'जंतुसंसर्ग' हा एकच शब्द सुनेनं घरी नेला आणि आजींचं ताट वेगळं झालं. ओळखू यावं म्हणून कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका! नातवाला जवळ जायची बंदी.

दोन भेटी सूनच बोलली. माणूस घटनेला नाही, तिच्या अर्थाला घाबरतो, असं मानणारी मी. विचारलं, "जंतू म्हटलं की काय आठवतं?"

"टीबीनं गेलेला मामा."

गाठ तिथं होती.

मग समजावलं. श्वासनळ्यांतली झाडलोट करणारी सूक्ष्म केसं धुरानं निकामी होतात. बेडका साचतो, त्यात हिमोफिलस, न्यूमोकोकससारखे जंतू ठाण मांडतात. त्यांनी सूज वाढते, सुजेनं केसं आणखी मोडतात. हेच जंतू धडधाकट लेकरांच्या नाका-घशातही असतात.

आजी पहिल्यांदा बोलल्या. "म्हंजे मडकंच खंगाळल्या जात नाई, म्हून दूध नासते!"

इतक्या वर्षांत मला असं उदाहरण सुचलं नव्हतं. ते त्यांच्याच तोंडून यावं म्हणून मी दोन भेटी थांबले होते, असं म्हणायला मला आवडतं.

उलट जपायचं आजींना. नातवाला सर्दी असेल तर चार दिवस तोच लांब बरा. विषाणूंनीही दम उसळतो. बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, धाप नेहमीपेक्षा जास्त लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र मुळीच नाहीत. जंतू नुसते असणं आणि त्यांनी उचल खाणं यात फरक आहे, तो डॉक्टरांनी ठरवायचा. बरं वाटलं म्हणून श्वासातून औषध घ्यायचा पंप सोडायचा नाही. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसीचं विचारून घ्यायचं. आणि चूल? गॅस घरात होता, भाकरीपुरती चूल पेटत होती. त्यावर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

परवा सून एकटीच आली. ठिपका खरडूनही निघाला नाही म्हणाली. आता त्या ताटात नातू जेवतो.