दिवसभर राबलो, पण केलं काय?

"बढती घेतली नसती तर बरं झालं असतं." भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवड पट्ट्यातून माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या इंजिनिअरांकडून हे मी वारंवार ऐकते. मशीनवर हात बसलेला माणूस मॅनेजर होतो, पगार वाढतो, घरी पेढे येतात आणि काही महिन्यांत त्याची झोप उडते. अशाच एका गृहस्थांची ही हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आतबाहेर. डिप्लोमा करून चाकणजवळच्या एका डाय-कास्टिंग, म्हणजे साच्यात वितळलेला धातू दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला लागले, नोकरी सांभाळून डिग्री केली आणि त्याच खात्याचे मॅनेजर झाले. म्हणाले, "सकाळी मीटिंग, मग स्पेअर्सच्या खरेदीची मंजुरी, मग ऑडिट, मग कुणाची तरी रजा. संध्याकाळी घरी निघताना वाटतं, आज मी केलं काय? पूर्वी बंद पडलेलं मशीन चालू करून घरी जायचो. आता हात सुटत चाललाय, मॅडम. उद्या नोकरी गेली तर मला कोण घेणार?"

ही शेवटची भीती खोटी नाही. घराचे हप्ते चालू असतात, मुलं शाळेत असतात आणि ज्या कौशल्यावर सगळं उभं केलं तेच निसटतंय असं वाटत असतं. तिथे 'सकारात्मक विचार करा' असं सांगणं मला पटत नाही. यात काहीतरी खरंच गमावलेलं असतं. मशीन चालू झाल्याचा आवाज कानाला लगेच कळतो. माणूस तयार झाल्याचा असा कुठलाच आवाज नसतो.

पण बोलता बोलता दुसरी गोष्ट कळली. 'हात सुटतोय' म्हणणारे हे गृहस्थ रात्री 2 वाजता फोन आला की अजूनही गाडी काढून प्लांटवर जात होते. दिवसा मॅनेजर, रात्री फिटर. पत्नीने आग्रह करून त्यांना माझ्याकडे पाठवलं ते यामुळेच.

मी विचारलं, "तुम्ही रजेवर असता तेव्हा ब्रेकडाउन सुटायला किती वेळ लागतो?" एमटीटीआर, म्हणजे एक बिघाड दुरुस्त व्हायला लागणारा सरासरी वेळ, मेंटेनन्सच्या माणसाला तोंडपाठ असतो. "मी असलो की 40 मिनिटं. नसलो की दोन-अडीच तास," ते लगेच म्हणाले आणि सांगताना चेहरा जरा उजळला. मी दोन्ही आकडे कागदावर लिहिले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "यातला मॅनेजर म्हणून तुमचा आकडा कोणता?" बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी नालायक ठरलो का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. तसं अजिबात नव्हतं. 2019 साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 131 कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी तुलनेने घसरत होती. ज्यांना आधीपासून इतरांबरोबर वाटून काम करायची सवय होती ते मॅनेजर म्हणून चांगले निघाले. क्षेत्र वेगळं असलं तरी आपल्या कारखान्यांत हेच घडताना मी पाहते. उत्तम कारागिराला खुर्ची देतात, पण खुर्चीवर बसून करायचं काय हे कुणी शिकवत नाही. हा त्या माणसावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मी विचारलं, "इंजिनिअर असताना तुम्ही कुणाला शिकवलंत?" एक आयटीआयचा अप्रेंटिस आठवला. त्याला पॅनलचं ड्रॉइंग वाचायला शिकवलं होतं, आज तो दुसऱ्या कारखान्यात सीनियर आहे. या गोष्टीची नोंद त्यांनी स्वतःच्या कामात कधी धरलीच नव्हती.

पुढच्या भेटीपर्यंत एकच करायचं ठरलं. रात्री फोन आला तर गाडीची किल्ली उचलायची नाही, आधी प्रश्न विचारायचे. तशी वेळ लवकरच आली. डाय, म्हणजे साचा, नीट मिटल्याचा सिग्नल येत नव्हता, शिफ्टचा मुलगा पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, कार्ड बदलायच्या तयारीत. यांना फोनवरच दोष कळला होता, पण त्यांनी विचारलं, "सेन्सरवरचा दिवा लागतोय का?" लागतोय. "पीएलसीच्या इनपुटचा?" नाही. क्षणभर शांतता, मग मुलगाच म्हणाला, "सर, मग मधली केबल बघतो." केबल घासून तुटली होती. मशीन तासाभरात चालू झालं. "मला 20 मिनिटं लागली असती," ते मला म्हणाले. खरं आहे. पण पुढच्या वेळी त्या मुलाला फोन करावा लागणार नाही.

हात पूर्ण सोडायची गरज नाही, हेही मी सांगते. शनिवारी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सला, म्हणजे बिघाड होण्याआधीच्या ठरलेल्या देखभालीला, ते आता नव्या मुलांबरोबर स्वतः उभे राहतात. ब्रेकडाउनला नाही, कारण तिथे घाई असते आणि घाईत पान्हा आपसूक आपल्याच हातात येतो. रोज रात्री वहीत एक ओळ लिहितात: आज माझ्यामुळे कुणाचं काम पुढे सरकलं. सुरुवातीला पानं कोरी जायची.

आणि एक. हे सगळं करूनही कुणाला यंत्रांतच रमायचं असेल तर तो कमीपणा नव्हे. माझ्याकडे आलेल्या एक बाई वर्षभर टीम सांभाळून पुन्हा डिझाइनला गेल्या आणि सुखात आहेत. फक्त होकार देण्याआधी विचारून घ्या: तांत्रिक बाजूनेही वर चढायची वाट इथे आहे का, आणि नाही जमलं तर परत येता येईल का. हे विचारलं म्हणून सहसा कुणी बढती काढून घेत नाही.

या गृहस्थांचा मोठा गुंता अजून बाकी आहे. ज्या सीनियर फिटरकडून ते काम शिकले, ज्यांना आजही 'मामा' म्हणतात, त्यांचंच अप्रेझल आता यांना लिहायचं असतं. गेल्या वर्षी संकोचापोटी सगळ्या रकान्यांत 'उत्तम' लिहून मोकळे झाले. मामा नव्या रोबोटच्या जवळ जात नाहीत, हे सगळ्या खात्याला माहीत आहे. ते मामांशी कसं बोलायचं, कँटीनमध्ये की केबिनमध्ये, आधी काय विचारायचं, याची तयारी आम्ही सध्या करतो आहोत.