काल्पनिक राज्याचा इतिहास कुठून सुरू करावा?

प्रश्न: मध्ययुगीन युरोपच्या धर्तीवरच्या एका काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहिते आहे. बावीस राजांची वंशावळ, नकाशा, लढायांच्या तारखा, सगळं टिपण सोबत पाठवलंय. पण ज्यांना दाखवलं त्यांना ते कोरडं वाटतं. काय कमी पडतंय?

उत्तर: तुमचं टिपण मी नकाशासकट वाचलं. नद्या, सरहद्दी, बंदरं तुम्ही फार मन लावून आखली आहेत. पण राजा मेल्यावर गादी कुणाला मिळते, आणि ते ठरवतं कोण, हे त्यात कुठेच नाही. माझ्या मते सगळा जीव तिथेच असतो.

इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचंच बघा. त्याचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम नोव्हेंबर ११२० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बार्फ्लर बंदरात ‘व्हाइट शिप’ या जहाजावर चढला. रात्रीची वेळ, खलाशी दारू प्यायलेले. जहाज खडकावर आपटून बुडालं. राजाचा भाचा स्टीफन त्याच जहाजावरून ऐनवेळी उतरला होता. ऑर्डेरिक हा त्या काळचा बखरकार कारण देतो, पोट बिघडलं होतं! पुढे हेन्रीने मुलगी मटिल्डा हिच्यासाठी सरदारांना शपथा घ्यायला लावल्या. स्टीफननेही घेतली. पण १ डिसेंबर ११३५ ला हेन्री गेला आणि स्टीफन तडक समुद्र ओलांडून लंडनला पोहोचला. विंचेस्टरचा बिशप त्याचा सख्खा भाऊ, त्यामुळे तिथला राजखजिना हाती आला. २२ डिसेंबरला डोक्यावर मुकुट! नंतरची यादवी थेट ११५३ पर्यंत पुरली.

कधी लढाईशिवायही राज्यं तुटतात. १७१४ पासून ब्रिटन आणि जर्मनीतलं हॅनोव्हर यांचा राजा एकच होता. १८३७ मध्ये चौथा विल्यम वारला. ब्रिटनची गादी व्हिक्टोरियाकडे गेली, पण हॅनोव्हरच्या वारसाहक्कात पुरुष वारस असताना बाईला जागा नव्हती. तिथे तिचा काका बसला.

आता पैशाचं. तुमच्या नकाशात राजधानीजवळ एक अरुंद सामुद्रधुनी आहे आणि तिच्याबद्दल एक अक्षरही नाही, याची मला फार चुटपुट लागली. डेन्मार्कच्या राजांनी हेलसिंगोरपाशी अशाच चिंचोळ्या जागी जहाजांकडून जकात घेतली, १४२९ च्या सुमारापासून १८५७ पर्यंत. मालाची किंमत कप्तानानेच सांगायची, पण सांगितलेल्या किमतीला तो माल विकत घेण्याचा हक्क राजाला. किंमत कमी सांगून जकात चुकवायची कुणाची छाती होणार? या एका नियमावर तुमचं अख्खं प्रकरण उभं राहील.

तुमचा नववा राजा मागे मुलगा न ठेवता मेला आणि पुढच्याच ओळीत पुतण्या गादीवर बसला. मधल्या दिवसांत खजिन्याच्या किल्ल्या कुणाकडे होत्या, सामुद्रधुनीची जकात कुणाच्या नावाने जमा होत होती, आणि थोरली मुलगी हयात असताना तिच्या बाजूने कोण उभं राहिलं? पुढची लढाई बाजूला ठेवा आणि आधी हे दिवस लिहून काढा.