व्हॅटिकनचं ५० युरोचं सोन्याचं नाणं दुकानात खर्चता येतं का?

रोमच्या दुकानात नाही चालणार. युरोच्या स्मारक नाण्यांपैकी फक्त २ युरोचं नाणं सगळ्या युरो देशांत चालतं. हे सोन्याचं नाणं रोमच्या इटालियन टांकसाळीत पडत असलं तरी चलन जेमतेम ४४ हेक्टरच्या व्हॅटिकनपुरतंच.

आणि खर्चायचं तरी कशाला? वजन १५ ग्रॅम, शुद्धता ०.९१७, म्हणजे आपलं २२ कॅरेट. पावणेचौदा ग्रॅम शुद्ध सोनं ५० युरोला देणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

विकायचंच असेल तर आधी नाणेसंग्राहक शोधा. सराफ बहुधा वजनाचेच पैसे देईल. मूळ डबी आणि प्रमाणपत्र सोबत असू द्या. पॉलिश मात्र अजिबात नको. प्रूफ नाण्याच्या, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेल्या नाण्याच्या, आरशासारख्या पार्श्वभूमीवर फडक्याच्या एका पुसण्यानेही चरे पडतात.