फुटबॉल क्लब सलग हरत असताना पुढचा कोच कोण येणार, हे चाहत्यांना आधी ओळखता येतं का? आणि कोच बदलून खरंच फरक पडतो का?

सहा कोचची नावं देऊन तुम्ही विचारलेल्या या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कोण येणार हे बऱ्याच वेळा ओळखता येतं, कारण नावं फिरून फिरून तीच दहा-बारा असतात. आलेला माणूस टिकेल का, हे मात्र त्याच्या नावावरून कधीच कळत नाही. ते संघातल्या पोरांकडे बघून कळतं, आणि चाहत्यांच्या चर्चेत नेमकं तेवढंच राहून जातं. तुम्हीही प्रश्नात सहा कोचची नावं दिलीत, पण क्लबच्या एकाही खेळाडूचं दिलं नाही.

मी कोल्हापूरचा. इथं फुटबॉल टीव्हीवर यायच्या कितीतरी आधीपासून पेठेत आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ, यांच्या मॅचला शाहू स्टेडियमची गॅलरी भरते. मॅच हरली की रात्री कट्ट्यावर पहिला विषय निघतो, "कोच बदला." आणि त्याच कट्ट्यावर तासाभराने दुसरा विषय निघतो, इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचा कोच कोण असावा. दोन्ही चर्चा मी वर्षानुवर्षं मनापासून केल्या आहेत, आजही करतो. त्यामुळे जे सांगतोय ते आतून सांगतोय.

आधी नावं कुठून येतात ते बघा. ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानांत "पुढचा मॅनेजर, म्हणजे कोच, कोण" यावर पैसे लावता येतात. हा बाजार फार छोटा असतो. थोड्या लोकांनी थोडे पैसे एका नावावर लावले तरी भाव, म्हणजे एका रुपयामागे मिळणारे पैसे, झपकन खाली येतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी होते की अमुक माणूस आघाडीवर. क्लबमध्ये कुणी तोंडही उघडलेलं नसतं. दुसरा रस्ता एजंटांचा. कोचचा करार संपत आला की त्याचं नाव मोठ्या क्लबशी जोडून सोडलं जातं, म्हणजे आहे तिथं पगार वाढवून मिळतो. एखादा कोच दर वर्षी चार क्लबांच्या यादीत असतो आणि जात कुठेच नाही, त्यामागे बहुतेक हेच असतं. तिसरा रस्ता आपला स्वतःचा. आपण चाहते गेल्या कोचच्या उलटा माणूस शोधतो. आधीचा कडक होता तर आता प्रेमळ हवा, आधीचा बचाव करणारा होता तर आता धावून जाणारा हवा.

या तिसऱ्या गोष्टीत नुसते चाहते नाहीत, क्लबचे मालकही अडकतात. युनायटेडचंच घ्या. २०१३ मध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन क्लबला विसाव्यांदा इंग्लंडची लीग जिंकून देऊन निवृत्त झाले. मग डेव्हिड मॉयस आले, त्यांच्याशी सहा वर्षांचा करार होता, दहा महिन्यांत बाहेर. मग लुई व्हान गाल. त्यांनी २०१६ ला एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांना काढलं. मग जोझे मोरिन्यो, मग ओले गुन्नार सोल्शायर, मग काही महिन्यांसाठी राल्फ रांगनिक, मग एरिक टेन हाग, मग रुबेन अमोरिम. एकाची फुटबॉलची पद्धत दुसऱ्याशी जुळत नाही. जवळजवळ प्रत्येकाने आपल्याला हवे ते खेळाडू घेतले, तो गेला आणि खेळाडू मागे राहिले. टेन हागसाठी त्याच्या जुन्या अयाक्स क्लबमधून अँटनीला आणलं, साडेनऊ कोटी युरोंच्या आसपास मोजून. २०२४ च्या जुलैत टेन हागचा करार वाढवला, त्याला हवे तसे आणखी खेळाडू दिले आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याला काढलं.

पुढचं तर मला अजून सलतं. अमोरिमची निवड चाहत्यांना आवडली होती, मलाही आवडली होती. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनला त्याने एकोणीस वर्षांनी लीग जिंकून दिली होती आणि नंतर आणखी एक. वय कमी, बोलणं साफ. पण त्याचा संघ मागे तीन बचावपटू ठेवून खेळायचा. या पद्धतीत दोन्ही कडांना असे खेळाडू लागतात जे नव्वद मिनिटं वर-खाली धावतील, बचावही करतील आणि कडेवरून गोलसमोर चेंडूही टाकतील. युनायटेडकडे त्या दिवशी काय होतं? रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी. तिघेही कडेने चेंडू घेऊन आत घुसणारे विंगर, ज्यांच्यासाठी या पद्धतीत जागाच नाही. जे धावू शकले असते त्यांच्या दुखापती संपत नव्हत्या. हे गुपित नव्हतं. स्पोर्टिंगच्या दोन मॅच आणि युनायटेडच्या खेळाडूंची यादी शेजारी ठेवली असती तरी दिसलं असतं. पण मोसम चालू असताना, सराव शिबिर नाही, खेळाडू खरेदीची मुदत, म्हणजे खिडकी, बंद, अशा वेळी माणूस आणला. २०२४-२५ मध्ये संघ पंधरावा आला, ४२ गुण. १९७४ मध्ये हा क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता, त्यानंतरची ही सगळ्यात खालची जागा. स्पेनमधल्या बिल्बाओला युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीग स्पर्धेची फायनल टॉटनहॅमकडून १-० ने हरला. अँटनी आणि रॅशफर्ड जानेवारी-फेब्रुवारीतच दुसऱ्या क्लबांकडे उसने गेले होते, गार्नाचो त्या उन्हाळ्यात चेल्सीला गेला. पुढे अमोरिमही गेला.

अमोरिम वाईट कोच आहे असं मला आजही वाटत नाही. चुकीच्या पोरांसमोर त्याला उभं केलं.

आमच्याकडे कुस्तीच्या तालमीत वस्ताद नवीन पोरगं आलं की आधी त्याची अंगकाठी बघतो. उंच पोराला एक डाव शिकवतो, बुटक्या पोराला दुसरा. स्वतःला आवडणारा डाव सगळ्यांच्या गळ्यात मारत नाही. फुटबॉलमध्येही जे कोच पडत्या संघात टिकले, त्यांनी आधी हेच केलेलं दिसेल.

इंग्लंडचा लीस्टर सिटी क्लब आठवतो का? २०१५ च्या जुलैत क्लाउडिओ रानिएरीची निवड झाली तेव्हा इंग्लंडभर नाकं मुरडली गेली. कारण सरळ होतं. त्याआधीच्या नोव्हेंबरात ग्रीसचा संघ त्याच्या हाताखाली फॅरो बेटांसारख्या छोट्या देशाकडून घरच्या मैदानावर हरला होता आणि ग्रीसने त्याला काढलं होतं. नावावरून अंदाज बांधायचा तर लीस्टर खाली जाणार हेच कुणीही म्हणालं असतं. पण या माणसाने येऊन काय केलं? आधीचे सहायक कोच आणि खेळाडू निवडणारी मंडळी बरीचशी जागेवर ठेवली. मॉर्गन आणि हुथ हे दोघे मधले बचावपटू ताकदवान पण वेगाला कमी, म्हणून बचावाची फळी मागे ओढली. पुढे वार्डी विजेसारखा पळणारा, म्हणून चेंडू मिळाला की लांब त्याच्यापुढे. मधल्या फळीतल्या कांतेला ज्यांनी शोधून आणलं त्यांचं ऐकलं. सगळं जुन्या धाटणीचं ४-४-२, म्हणजे चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे. मे २०१६ मध्ये लीस्टर लीग जिंकलं, आणि मोसमाच्या सुरुवातीला त्यांचा भाव होता एकास पाच हजार.

नऊ महिन्यांनी त्याच रानिएरीला काढलंही. तोपर्यंत कांते चेल्सीला गेला होता. मधली फळी एकट्याने सांभाळणारा माणूस गेल्यावर तीच पद्धत चालेना.

आता कोच बदलून फरक पडतो का, हा तुमचा दुसरा भाग. लगेच पडल्यासारखा दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये मोरिन्यो जाऊन सोल्शायर तात्पुरता आला आणि युनायटेडने पहिल्या आठही मॅच जिंकल्या. मार्चमध्ये पॅरिसला जाऊन तिथल्या पीएसजी क्लबला ३-१ हरवलं, तेही घरच्या मैदानावर ०-२ हरल्यानंतर. त्या पहाटे आमच्या गल्लीत लोक जागे होते. याला कायमचा करा, म्हणून सगळ्यांनी धोशा लावला, मीही. २८ मार्चला त्याला कायम केलं. एप्रिलमध्ये एव्हर्टनकडून ०-४, शेवटच्या दिवशी खालच्या श्रेणीत चाललेल्या कार्डिफकडून घरी ०-२. सहावं स्थान.

बास तेर वील नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचे अनेक मोसम तपासले होते. कोच काढल्यावर निकाल सुधारतात हे त्याला दिसलं. पण तेवढेच घसरलेले जे क्लब कोच न काढता बसून राहिले, त्यांचेही निकाल जवळजवळ तेवढेच सुधारले. संघ त्याच्या कुवतीपेक्षा खाली गेला असेल तर तो बहुतेक वेळा आपणच वर येतो. त्याच सुमाराला नवा माणूस आलेला असेल तर श्रेय त्याला मिळतं.

आपल्या देशाच्या संघाचंही हेच झालं. २०२५ च्या उन्हाळ्यात भारताच्या कोचपदासाठी १७० अर्ज आले. त्यात बार्सिलोनाचा माजी कोच झावीचं नाव असल्याची बातमी फुटली आणि एक दिवस सगळीकडे त्याच्या पगाराचीच चर्चा. नंतर फुटबॉल महासंघानेच सांगितलं की त्याच्या नावाने आलेला मेल खरा नव्हता. निवड झाली खालिद जमीलची. मला त्या निवडीचा मनापासून आनंद झाला होता. मुंबई एफसीसारखा तुटपुंज्या पैशांचा संघ त्याने वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीत टिकवला, २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग ही देशातली लीग जिंकून दिली. हाताशी जे आहे त्यात भागवणारा माणूस. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या नेशन्स कप स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला आणि सगळे म्हणाले, बघा, कोच बदलला आणि संघ बदलला. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने १-२ हरवलं आणि आशिया कपचं दार बंद झालं. मग त्याच लोकांनी त्याच तोंडाने जमीलला काढा म्हटलं. गोल करणारा पुढचा खेळाडू, म्हणजे नऊ नंबर, देशात तयार होत नाही, सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत यावं लागलं, हे जमीलने दोन महिन्यांत कसं दुरुस्त करायचं? अनिकेत जाधवसारखा आमचा कोल्हापूरचा पोरगा २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला तेव्हा शहरानं काय जल्लोष केला! त्या वयाच्या पोरांना पुढची पाच वर्षं नियमित मॅच मिळतात का, यावर देशाचा संघ ठरतो. कोचच्या खुर्चीत कोण बसलाय ही त्यानंतरची गोष्ट आहे.

म्हणजे कोचला काही अर्थच नाही, असं मात्र समजू नका. युर्गेन क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलला आला तेव्हा संघ दहावा होता, त्या मोसमात आठवाच आला. आर्टेटाचं आर्सेनल सलग दोनदा आठवं आलं, २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या तिन्ही मॅच हरलं, तेव्हा त्याला हाकला म्हणणारे आमच्या कट्ट्यावरही होते. दोघांना वेळ मिळाला, आणि वेळेसोबत त्यांच्या खेळाला लागणारी माणसं टप्प्याटप्प्याने मिळाली. खेळाडू विकत घेणारे आणि कोच एका दिशेने बघत होते.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर नवीन नाव आलं की मी काय करतो ते सांगतो. आधी त्या कोचच्या जुन्या संघाच्या दोन-तीन पूर्ण मॅच बघतो, हायलाइट्स नाही. त्याचा संघ चेंडू गेल्यावर कुठे उभा राहतो, कडेने कोण पळतं, गोलकीपर पायाने खेळतो का, एवढं बघतो. मग आपल्या क्लबची अकरा नावं कागदावर लिहून त्या जागांवर बसवून पाहतो. सात-आठ बसले तर त्या नावात दम आहे. चार-पाचच बसत असतील तर विचारायचं की उरलेले कोण आणणार, कधी, कुणाच्या पैशानं. याचं उत्तर क्लबकडे नसेल तर तो कोच कितीही मोठा असो, दीड वर्षाच्या आत आपण पुन्हा याच चर्चेला बसणार.

पेठेच्या संघातही मी हेच बोलतो आणि शिव्या खातो. तिथं तर खरेदीची खिडकी फारशी नसतेच. एखाद-दुसरा बाहेरचा खेळाडू मोसमापुरता येतो, बाकी सगळी गल्लीतली पोरं. कुणी सकाळी दुकान उघडतो, कुणी कॉलेजला, कुणी एमआयडीसीत पाळीवर. संध्याकाळी सरावाला सगळे एकत्र येतील याची खात्री नाही. आमचा एक संघ लागोपाठ हरत होता तेव्हा बाहेरून मोठा कोच आणायचं ठरत होतं. शेवटी तालमीतच खेळून मोठ्या झालेल्या एका जुन्या खेळाडूने जबाबदारी घेतली. त्याने पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी केल्या. पाळीवरच्या पोरांसाठी सराव पहाटे घेतला, आणि ज्या पोराला सगळे बचावात खेळवत होते त्याला पुढे टाकलं, कारण तो लहानपणी गल्लीत पुढेच खेळायचा हे त्याला माहीत होतं. संघ लीग काही जिंकला नाही, पण गोल खाणं थांबलं आणि गॅलरीत माणसं परत आली.

तुमचा क्लब कोणता ते प्रश्नात लिहायचं राहिलंय. सहा नावं दिलीत, त्यातले दोघं तीन बचावपटूंनी खेळवणारे आहेत, त्यामुळे मला आधी तुमचे कडेचे खेळाडू जाणून घ्यायचेत. खाली कमेंटमध्ये क्लब आणि सध्याची अकरा जणांची यादी टाका. प्रत्येक नाव त्या यादीवर बसवून बघू, आणि मग कोण यावा याचं उत्तर मी ठाम देईन.