बापू, इंग्रजी शब्द जोडीनं पाठ कर

बापू, तुझ्या सराव पेपरात ‘फेस टू द प्रॉब्लेम’ दिसलं. चूक तुझी एकट्याची नाही. आपण अडचणी‘ले’ तोंड देतो ना, त्या ‘ले’चाच ‘टू’ होतो. इंग्रजीत नुसतं ‘फेस अ प्रॉब्लेम’. ‘अडचण येते’चं ‘डिफिकल्टी कमिंग’ पण नाही; ‘आय हॅव डिफिकल्टी रीडिंग’, पुढं आयएनजीवालं क्रियापद.

पाणीटंचाई ‘बिग’ नसते, ‘अक्यूट’ किंवा ‘सिव्हियर’, म्हणजे तीव्र, असते. दुष्काळ ‘सिव्हियर’. निर्णय मात्र ‘टफ’ किंवा ‘हार्ड’. नियम शोधत बसू नको, धुऱ्यावरच्या वाटेसारखी वहिवाट आहे ती.

खरा खड्डा ‘हार्डली’चा. दिवसभर कपाशीत डवरणी करून ‘आय हार्डली वर्क्ड’ म्हटलं, तर अर्थ निघतो की कामाला जवळपास हातच लावला नाही! ‘आय वर्क्ड हार्ड’ म्हण. एका मुलाखतीत मी स्वतः हेच बोललो होतो. समोरचे गालात हसले. काऊन, ते मला घरी आल्यावर कळलं.

वहीत सुटा शब्द लिहू नको. अख्खं वाक्य लिही, तेही आपल्या वावरातलं: ‘वी फेस्ड अ सिव्हियर ड्राउट.’ रोज दोनच, पण मोठ्यानं वाचून.