वजन तेवढंच, मग कीमो का सोसत नाही?

‘वजन घटलेलं नाही, खाण्यापिण्याची आबाळ नाही, मग कीमो का सोसत नाही?’ कर्करोगाच्या रुग्णांच्या घरचे हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात की एका जोडप्याबरोबरच्या भेटी इथे थोडक्यात मांडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंच्या हातात वजनाची वही होती. आकडा जवळजवळ तोच. तरी काकांना तोंड आलेलं, जिना चढवत नव्हता आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्यामुळे कीमोची पुढची सायकल, म्हणजे पुढची फेरी, लांबली होती. “मी काही कमी पडू देत नाही हो मॅडम,” काकू म्हणाल्या. काका गप्प. त्यांच्या अंगठीला दोरा गुंडाळलेला, आणि घोट्यांवर मोज्यांचे वळ रुतलेले.

“वजन तेवढंच, मग अंगठी ढिली कशी?” मी विचारलं.

काटा स्नायू, चरबी, साठलेलं पाणी सगळं एकत्रच मोजतो. स्नायू झडले आणि पायांवर सूज आली, तर आकडा हलतही नाही. कीमोचा डोस बहुधा उंची-वजनावरून काढतात. पण बऱ्याच औषधांचा वावर चरबी सोडून उरलेल्या शरीरात जास्त असतो. तो भाग आटला की तोच डोस जड जाऊ शकतो. अंगाने भरलेल्या माणसाचंही असं होतं, फक्त तिथे कुणाला शंका येत नाही. सुजेसाठी आणि आहारासाठी मी त्यांना आधी डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

माझं काम दोघांशी बोलण्याचं; ते ताटाशी सुरू झालं. एका भेटीत काका एकदम म्हणाले, “तू समोर बसून घास मोजतेस. जेवण नाही, परीक्षा वाटते.”

“मग मी करू तरी काय? नुसतं बघत बसू?” काकूंचा आवाज कापत होता.

मी मध्ये पडले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “माझ्याबरोबर चालायला ये ना.”

मी रुग्णाला कधीच एकटा धरत नाही, घरासकट बघते. काकूंचा आग्रह म्हणजे त्यांची भीती होती. ‘आग्रह सोडा’ म्हणून तो सुटत नाही. हाताला दुसरं काम द्यावं लागतं. डॉक्टरांना विचारून दोघं रोज थोडं चालू लागली. वहीत नवा रकाना आला: हात न टेकता खुर्चीतून उठता आलं का?

आहाराचं म्हणाल, तर युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम; मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. एकदम भरपूर वाढण्यापेक्षा थोडंथोडं, अनेकदा. तोंड आलं असेल तर मऊ, कोमट. धातूची चव येत असेल तर चमचा स्टीलचा नको. सहा महिन्यांत वजन आपोआप ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, मग माणूस जाडा का असेना.

पुढची सायकल वेळेवर झाली. त्यात डॉक्टरांनी बदललेल्या डोसचाही वाटा होता.

“आता यांच्या आवडीचं करू ना?” काकूंनी विचारलं. करा, पण कीमोच्या आसपासच्या दिवसांत नको. १९७८ साली आयलीन बर्नस्टाइन यांनी कीमो घेणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराआधी वेगळ्या चवीचं आइस्क्रीम खाल्लेल्या मुलांपैकी बरीच जणं नंतर तेच नको म्हणू लागली. मळमळीचं खापर शरीर त्या पदार्थावर फोडतं. काकूंनी आवडीचं सगळं मळमळ ओसरल्यानंतरच्या दिवसांवर टाकलं.